एका त्रिकोणाची गोष्ट

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत आठ-दहा पानं लिहायची वेळ दहावीनंतर आज पहिल्यांदाच आली आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठ्या मनाने पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण ज्या माणसांमुळे तो लिहावासा वाटला, त्यांच्याशी मी त्या दिवशी मराठीत दोन वाक्यंसुद्धा नीट बोलू शकले नव्हते.

विषय तसा रुक्ष आहे : थंडीत होणारे रस्त्यावरचे अपघात आणि गाडीत ठेवायचं सामान. तुम्ही म्हणाल, "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? थंडीचा आणि अपघाताचा काय संबंध?" गेल्या वर्षीपर्यंत मीही हेच म्हणत होते.

त्या पहाटे काय झालं

परीक्षा संपली आणि डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जाण्याआधी दोन दिवस मी माझ्या रूम पार्टनरच्या गावी गेले. गाव शिरोळ तालुक्यात. जिकडे बघावं तिकडे ऊस. निघायच्या दिवशी मिरजेहून सकाळची गाडी पकडायची होती, म्हणून तिचे काका त्यांच्या जुन्या व्हॅनमधून मला सोडायला निघाले. पहाटेचे पाच वाजले होते. काकूंनी डब्यात भाकरी बांधून दिली आणि "सावकाश जावा" म्हणाल्या.

गावात धुकं अगदी विरळ होतं. नदीच्या बाजूला आलो तसं ते एकदम दाट झालं. काका काच खाली करून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्या अक्षरशः नाकासमोर आल्यावर दिसल्या. मागे ना लाइट, ना रेडियम. काका वैतागून म्हणाले, "ह्यांच्यामुळं एक दिवस कुणाचा तरी जीव जाणार बघ पोरी."

पुढे पाचच मिनिटांत मागचं डावं चाक पंक्चर झालं. काकांनी गाडी कडेला घेतली, पण साइडपट्टी खचलेली असल्याने निम्मी गाडी डांबरावरच राहिली. त्यांनी चारही इंडिकेटर लावले. मात्र मागचे दिवे शेतातल्या चिखलाने माखलेले होते, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवाही होती. बॅटरी मात्र नव्हती, म्हणून मी मोबाइलचा उजेड धरून काकांच्या शेजारी उभी राहिले. थंडी वाजते म्हणून माझी मैत्रीण गाडीतच बसून राहिली.

मी सहज विचारलं, "काका, तो लाल ट्रँगल असतो ना, तो नाही का?"

"आहे की. घरात कपाटावर. डिकीत खडखड वाजतोय म्हणून काढून ठेवला."

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

चाक काढून झालं होतं आणि स्टेपनी लावायची बाकी होती. तेवढ्यात धुक्यातून एक कार आली. ब्रेकचा आवाज मी ऐकला. त्या कारने आमच्या गाडीच्या उजव्या कोपऱ्याला धडक दिली, व्हॅन पुढे सरकली, जॅक कलंडला आणि गाडीची ती बाजू काकांच्या पायावर आली. मी डाव्या बाजूला, मातीवर उभी होते म्हणून वाचले. मैत्रिणीच्या कपाळाला खोक पडली.

नंतरची दोन-तीन मिनिटं मला सलग आठवत नाहीत. काकांचं ओरडणं आठवतं. त्या कारमधून उतरलेला मुलगा आमच्यापेक्षा जास्त थरथरत होता. मी एकशेआठ नंबर लावला. पलीकडून विचारलं, "ताई, नेमकं कुठे? कुठला फाटा? जवळ काय आहे?" आणि मला काहीच सांगता येईना. मी नुसती "धुकं आहे, खूप धुकं आहे" म्हणत राहिले. शेवटी मैत्रिणीने कपाळ धरून, रडत रडत पत्ता सांगितला.

आमच्या मदतीला कोण आलं असेल? ज्यांना आम्ही पंधरा मिनिटांपूर्वी नावं ठेवली होती, त्यांच्यातलीच एक ट्रॉली. बीडकडची ऊसतोड कामगारांची टोळी होती. ट्रॅक्टरवाल्याने एक शब्द न विचारता ट्रॅक्टर आमच्या बराच मागे नेऊन कडेला लावला आणि हेडलाइट चालू ठेवले. एक पोरगा टॉर्च हलवत त्याच्याही मागे जाऊन उभा राहिला. सात-आठ जणांनी मिळून व्हॅनची एक बाजू हातांनी उचलली आणि काकांना बाहेर काढलं. एका मामांनी उसाची दोन सरळ कांडी पायाच्या दोन्ही बाजूंना लावून मफलरने बांधली. एका मावशींनी स्वतःच्या अंगावरची गोधडी काकांवर घातली आणि मला जवळ घेऊन म्हणाल्या, "रडू नको लेकरा, जिता हाय मानूस."

काका वाचले. पायात रॉड बसला. आठ महिने शेतात जाता आलं नाही, त्या वर्षीचा ऊस दुसऱ्यांनी बघितला. अजूनही ते लंगडतात. मी फोन केला की विचारतात, "पोरी, अभ्यास चाललाय ना?" तो त्रिकोण कपाटावर होता हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

पाच मार्कांचं गणित

आता माझी खरी चूक सांगते. मी सिव्हिलची विद्यार्थिनी. त्या अपघाताच्या जेमतेम महिनाभर आधी हायवे इंजिनिअरिंगच्या पेपरात मी 'स्टॉपिंग साइट डिस्टन्स'चं गणित सोडवलं होतं. बरोबर आलं होतं. पण ते गणित रस्त्यावर उभं राहिलं तेव्हा मला ओळखता आलं नाही.

इतर ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. पहिला भाग : समोर काहीतरी आहे हे दिसून, समजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी त्याच वेगात जितकी पुढे जाते तो. रस्त्यांच्या डिझाइनमध्ये आपल्याकडे यासाठी २.५ सेकंद धरतात. दुसरा भाग : ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचा. हा वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट. घर्षणाचा गुणांक डिझाइनमध्ये साधारण ०.३५ ते ०.४० घेतात. मी सुरक्षित बाजूने ०.३५ धरून सपाट रस्त्यासाठी आकडे काढले :

ताशी ४० किमी : २८ + १८ = ४६ मीटर
ताशी ६० किमी : ४२ + ४० = ८२ मीटर
ताशी ८० किमी : ५६ + ७२ = १२८ मीटर

आता धुक्याचा आकडा बघा. हवामान खात्याच्या भाषेत १००० मीटरच्या आत दिसेनासं झालं की धुकं, २०० मीटरच्या आत दाट धुकं आणि ५० मीटरच्या आत अति दाट धुकं. आपल्याला ५० मीटर दिसत असेल तर वरच्या हिशेबाने ताशी ४० च्या वर जाणं म्हणजे देवावर हवाला. २० मीटर दिसत असेल तर ताशी २०. त्या कारवाल्या मुलाने नंतर सांगितलं की तो साधारण साठने येत होता आणि माझ्या मोबाइलचा उजेड त्याला पंचवीस-तीस मीटरवर दिसला. त्याला हवे होते ८२ मीटर. म्हणजे त्याने कितीही जोरात ब्रेक दाबला असता तरी धडक टळणं अवघड होतं. आम्ही त्याला उरलेले ५०-५५ मीटर द्यायला हवे होते. मागे तेवढं चालत जाऊन तो त्रिकोण ठेवला असता, तर ते त्याला मिळाले असते.

ट्रॉलीचं गणितही असंच. ट्रॅक्टर ताशी २० ने चाललाय, तुम्ही मागून ८० ने येताय. फरक ६० चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. रेडियम नसलेली ट्रॉली ३० मीटरवर दिसली तर तुमच्या हातात दोन सेकंदसुद्धा उरत नाहीत. वर सांगितलेले अडीच सेकंद तर नुसते पाय ब्रेकवर जायलाच लागतात!

थंडी नेमकं काय करते?

१) *धुकं.* स्वच्छ आकाश असलेल्या रात्री जमीन भराभर थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. नदीकाठ, कॅनॉल, पाणी पाजलेला ऊस, अशा ठिकाणी हवेत ओलावा जास्त, म्हणून धुकंही जास्त. ते सगळीकडे सारखं नसतं. गावात काही नाही आणि पुलावर भिंत, असं होतं. सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, आणि आपण हॉस्टेलवाले नेमके तेव्हाच बाइक काढतो.

२) *हाय बीम.* दिसत नाही म्हणून आपण अप्पर मारतो. पण थेंबांवरून तो उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा तयार होतो. धुक्यात डिपरच बरा. फॉग लॅम्प खाली बसवतात तेही याच कारणासाठी.

३) *टायर.* बारावीच्या फिजिक्समधला वायूचा नियम आठवा. दुपारी ३० अंशाला ३३ पीएसआय हवा भरली आणि पहाटे पारा १० वर आला, तर तीच हवा साधारण ३० पीएसआय भरते. टायरला गळती नसताना तीन पीएसआय गेले! हवा नेहमी टायर थंड असताना तपासा.

४) *बॅटरी.* थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. बॅटरी कमजोर आणि काम जास्त. म्हणून जुनी बॅटरी नेमकी पहाटे दगा देते.

५) *काच.* बाहेर थंड आणि आत चार जणांचे श्वास, त्यामुळे काचेवर आतून वाफ धरते. हाताने पुसून फायदा नाही. एसी काचेकडे सोडा, तो हवा कोरडी करतो.

आणि यात भर म्हणजे गळीत हंगाम. ऊस दसरा-दिवाळीनंतर तुटायला लागतो आणि कारखाने साधारण मार्चपर्यंत चालतात. म्हणजे जे महिने धुक्याचे, तेच महिने रात्रंदिवस ट्रॉल्यांचे. बाहेर आलेल्या उसाने मागचे दिवे झाकले जातात, त्यात टेपवर मोठ्याने गाणी लावलेली, हॉर्न ऐकू जात नाही. पण त्या ट्रॉलीवर थंडीत कुडकुडत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. अपघात झाला तर पहिले तेच मरतात. त्यांना शिव्या देण्यापेक्षा रेडियम द्यावं हे बरं.

जाता जाता, आपण 'रेडियम' म्हणतो त्या पट्टीचा क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेल्या रेडियमशी काहीही संबंध नाही. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना चमकणारा रेडियमचा रंग लावत, त्यावरून हे नाव चिकटलं. आपली पट्टी स्वतः चमकत नाही. तिच्यातले काचेचे बारीक मणी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. म्हणून तिच्यावर चिखल बसला की ती मेली. आठवड्यातून एकदा फडकं मारा.

गाडीत काय ठेवायचं?

आता मुख्य मुद्दा. बहुतेक गोष्टी एका जुन्या कॉलेज बॅगेत मावतात.

चारचाकीसाठी :

१. लाल रिफ्लेक्टिव्ह त्रिकोण. गाडीबरोबर मिळालेला असेल तर आधी त्याचं प्लॅस्टिक फाडा आणि एकदा उघडून उभा करून बघा. खडखड वाजत असेल तर जुन्या टॉवेलात गुंडाळा, पण कपाटावर ठेवू नका!
२. बॅटरी, म्हणजे टॉर्च. सेल वेगळे काढून ठेवा, नाहीतर गळतात. मोबाइल हा टॉर्च नाही. तो फोन लावायला लागतो.
३. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. डिकीत नको, सीटच्या मागे ठेवा, म्हणजे उतरण्याआधीच अंगात घालता येईल.
४. जॅक, पाना आणि हवा असलेली स्टेपनी. सोबत एक फळीचा तुकडा आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळा. मऊ मातीत जॅक खाली रुततो.
५. प्रथमोपचार पेटी : गॉज, रुंद बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे. तारीख उलटलेल्या गोळ्यांचं संग्रहालय नको.
६. जुनी चादर किंवा गोधडी. जखमी माणसाचं अंग झपाट्याने गार पडतं. उबेला मी औषधाइतकंच महत्त्व देते, कारण मी ते पाहिलंय.
७. दोर, जंपर केबल, फ्यूज, पाण्याची बाटली आणि काच पुसायला फडकं.

दुचाकीसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी : हेल्मेटची काच पारदर्शक हवी, पहाटे काळी काच नको. हेल्मेटच्या मागे आणि सॅकवर रेडियमची पट्टी. हातमोजे, कारण बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो. सीटखाली छोटी टॉर्च. आणि खिशात एका कागदावर ब्लड ग्रुप आणि घरचा नंबर. मोबाइल लॉक असतो, कागद नसतो.

गाडी बंद पडली तर?

क्रम लक्षात ठेवा. आधी गाडी जमेल तितकी रस्त्याच्या बाहेर घ्या, टायर खराब झाला तरी चालेल. चारही इंडिकेटर लावा. (हे थांबल्यावरच. धुक्यात चालत्या गाडीचे चारही लावले तर आपण कुठे वळतोय ते मागच्याला कळत नाही.) मग सगळ्यांनी रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरायचं. थंडी असो नाहीतर पाऊस, गाडीत कुणी बसायचं नाही. रेलिंग असेल तर तिच्या पलीकडे उभं राहायचं. एकाने जॅकेट घालून, त्रिकोण छातीसमोर धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेने मागे चालत जायचं. किती? साध्या रस्त्यावर निदान ५० मीटर, मोठ्या हायवेवर १०० च्या वर. पावलांनी मोजा, आपलं मोठं पाऊल साधारण पाऊण मीटर भरतं. म्हणजे ५० मीटरला ६५-७० पावलं. गाडीपासून पाच फुटांवर ठेवलेला त्रिकोण फोटोसाठी ठीक आहे.

आपल्याकडची दगड आणि फांद्या ठेवायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. फांदी चालेल, पण दगड नको. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढच्या बाइकवाल्याचा घात करतात.

धुकं फारच दाट असेल तर भर रस्त्यात जॅक लावायचा मोह टाळा. मदत येईपर्यंत किंवा उजाडेपर्यंत थांबा. माझी ट्रेन चुकली असती तर काय झालं असतं? काहीच नाही. दुपारची मिळाली असती.

अपघात झालाच तर : ११२ हा सगळ्यांसाठी एकच नंबर, १०८ रुग्णवाहिकेसाठी, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोन करण्याआधी जागा बघा : किलोमीटरचा दगड, फाटा, पूल, पेट्रोल पंप. मी आता एसटीतसुद्धा खिडकीतून दगड वाचत बसते, मैत्रिणी हसतात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसेल तर जखमीला उगाच हलवू नका. पांघरूण घाला. पाणी, चहा पाजू नका, ऑपरेशन करावं लागू शकतं.

आणि "पोलिसांची भानगड नको" म्हणून पुढे जाऊ नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नावगाव सांगायची सक्ती करता येत नाही.

मनालीला जाणाऱ्यांसाठी

सेमिस्टर संपलं की आपल्यातले बरेच जण बर्फ बघायला हिमाचल, काश्मीरला जातात. तिथला एक धोका आपल्याला माहीतच नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात शेकडो गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाडीतच गेली. गाडी चालू ठेवून हीटर लावला आणि मागचा सायलेन्सर बर्फात बुजला, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. म्हणून बर्फात अडकलात तर सायलेन्सरभोवतीचं बर्फ काढत राहा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवा, काच किंचित उघडी ठेवा. फावडं, पांघरूण, पाणी आणि खाणं सोबत असू द्या.

शेवटी

मागच्या महिन्यात आम्ही मजल्यावरच्या मुलींनी वर्गणी काढून रेडियमचा एक रोल आणला. रविवारी हॉस्टेलसमोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्या थांबवून पट्ट्या चिकटवल्या. अकरा झाल्या. काही जण थांबले नाहीत, काहींनी चेष्टा केली. एका ड्रायव्हरने मात्र "अजून एक द्या, भावाच्या गाडीला लावतो" म्हणून मागून घेतली. बारावी ट्रॉली ती धरायला हरकत नाही.

या जानेवारीत बॉईज हॉस्टेलनेही यावं असं वाटतं. स्टाफपैकी ज्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये असतात, त्यांनाही विनंती : आज संध्याकाळी घरी जाताना डिकी उघडा आणि त्रिकोण कुठे आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

काकांच्या गाडीत आता तो आहे. काकूंनी त्याला जुन्या साडीची पिशवी शिवली आहे. वाजत नाही.